प्रार्थनेतून गळलेलं नाव

परदेशात, टूनगॅबी नावाच्या उपनगरात मी ज्या चिनी आंटींच्या घरी खोली घेऊन राहायचो, त्यांना दर रविवारी गाडीने चर्चला नेणं हे काही आमचं ठरलेलं नव्हतं. ते आपोआप माझ्या अंगावर पडलं. मी बौद्ध घरातला. विहारात जायला कंटाळणारा मुलगा परक्या देवाच्या दारात कसा नेमाने जातो, म्हणून आई फोनवर टोमणे मारायची. पण तिथे जेवण चांगलं असायचं, आणि चिनी प्रवचन इंग्रजीतून ऐकायला हेडफोन मिळायचा.

प्रवचन संपलं की सगळे गोल करून बसत. ज्याचं जे दुखतंय ते त्याने सांगायचं, मग सगळ्यांनी त्याचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करायची. कुणाची कंबर, कुणाचा व्हिसा, कुणाच्या नातवाची परीक्षा. आंटींच्या गुडघ्यासाठी तर अख्खा हिवाळा देवाला साकडं घातलं होतं.

मग आंटींचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांचं बोलणं त्यांना चिनीत सांगायचं काम त्यांच्या मुलीकडे होतं. एका संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. आजार बरा होणारा नाही, पण आईला मी अल्सर सांगितलाय, म्हणाली. आमच्या चिनी लोकांत म्हाताऱ्या माणसाला मरण सांगत नाहीत. चर्चमध्येही तिने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मला संताप आला. पण त्यांच्या घरात बोलणारा मी कोण?

त्या रविवारी आंटींनी पोटावर हात ठेवला आणि दुखतंय म्हणून सांगितलं. एरवी लगेच माना खाली जायच्या. त्या दिवशी कुणी हललंच नाही. देवासमोर खोटी प्रार्थना करवेना, आणि आंटींसमोर खरी. शेवटी पास्टर खाकरले आणि पुढच्या बाईच्या सर्दीकडे वळले. आंटी एकेकाचा चेहरा सावकाश बघत गेल्या. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा मी हेडफोनची वायर सोडवत बसलो होतो.

परतताना पेंडल हिलच्या सिग्नलला त्या आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "सर्दीसाठी प्रार्थना केली. माझ्यासाठी नाही."

राहून गेलं असेल, मी म्हणालो.

"तिथे काही राहून जात नाही."

सिग्नल सुटला. घराच्या वळणावर त्या म्हणाल्या, "मला कळलंय हे मुलीला सांगू नको. तिला झोप लागणार नाही."

पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी त्याच बोलल्या. पोट आता दुखत नाही, देवाची कृपा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मुलगी तर रडायलाच लागली. आंटींनी पर्सच्या आड माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की हात बधिर झाला. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो.