नरहरबुवांचे न बांधलेले गाणे

नरहरबुवांना मी प्रथम पाहिले ते हिंगोलीत, माझ्या थोरल्या भावाच्या घरी. दादा तिथे वकिली करीत. मी विसाव्या वर्षी विधवा होऊन त्यांच्याकडे राहायला आले होते. त्या दिवशी बुवा बैठकीत गायले, आणि गाणे संपताच मी दाराआडून विचारले, "बुवा, मला शिकवाल का?"

बुवांनी दादांकडे पाहिले. "वकीलसाहेब, तुमची ना आहे का?"

"ना नाही," दादा म्हणाले.

"मग सोमवारपासून येतो."

बुवा जातीने गुरव. महादेवाच्या देवळात सायंकाळी गाण्याची सेवा त्यांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. विधवेला गाणे शिकवतात म्हणून पंचांनी त्यांना बोलावले आणि शिकवणी किंवा सेवा, यांतले एक सोडायला सांगितले. बुवांनी सेवा सोडली. मला हे कळले ते शेजारणीकडून. मी रडत रडत शिकवणी थांबवायला सांगितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुमचं मंद्र सप्तक अजून कच्चं आहे. बसा."

आज ज्यांच्यामुळे बुवांचे नाव सर्वत्र घेतले जाते, त्या बंदिशी याच काळात झाल्या. त्यांच्या बांधणीत आणखी एका माणसाचा हात होता, म्हणून त्याच्याविषयी सांगणे भाग आहे. चांदमियाँ बुवांचे सारंगीवाले. बुवा नवी चाल गुणगुणत, चांदमियाँ ती सारंगीवर वाजवून पाहत. पसंत पडली नाही की सारंगीचा गज खाली ठेवत. "बुवा, चांगलं हाय, पर कुणाचं तरी ऐकल्यावाणी वाटून राहिलं." बुवा ती चाल पुन्हा तोंडात घेत नसत. चांदमियाँच्या कानावर बुवांचा जेवढा विश्वास होता, तेवढा स्वतःच्या कानावरही नव्हता.

अठ्ठेचाळीस साली निजामी राजवटीच्या अखेरच्या महिन्यांत हत्यारबंद टोळ्या गावे जाळीत हिंडू लागल्या. राजवटीबाहेर वाशीमकडे लोकांच्या गाड्या निघाल्या. आम्हीही निघालो, बुवांनाही बळेच गाडीत बसवले. चांदमियाँ आपण होऊन गाडीबरोबर चालत आले. कनेरगावजवळ बंदूकवाल्यांनी आम्हांला अडवले. चांदमियाँ पुढे झाले आणि "ही माझी माणसं आहेत, सोडा," असे उर्दूत विनवू लागले. एकाने बंदुकीचा दस्ता त्यांच्या कानशिलात हाणला. तरी ते गाडीपुढून हलले नाहीत. शेवटी आम्हांला सोडले. कानातून रक्त येत होते, ते पुसत चांदमियाँ म्हणाले, "घराकडं म्या बघतो बुवा. तुमी जावा."

फौजा आल्या, निजामी अंमल संपला आणि आम्ही परतलो. बुवांचे घर शाबूत होते. तंबोरे गोधडीत गुंडाळून ठेवलेले होते. ओसरीवर चांदमियाँच्या पत्नी हुरमतबी एकट्याच बसल्या होत्या.

"मियाँ कुठं हायत?" बुवांनी विचारले.

"न्हाईत," त्या म्हणाल्या.

राजवट बदलली तशी आता मुसलमानांची घरे शोधली जात होती. चांदमियाँच्या नातलगांनी गाव सोडले. बुवांना शब्द दिला म्हणून चांदमियाँ राहिले. याच ओसरीवरून त्यांना ओढीत कयाधू नदीच्या काठी नेले आणि मारले.

"कोण होते?" बुवांनी विचारले.

"बोलण्यावरून आपल्याच गल्लीतले. तोंडं बांधली होती."

काही दिवसांनी तेच देवळाचे पंच बुवांकडे आले. विजयाच्या सोहळ्यासाठी बुवांनी गाणे बांधावे, देवळातली सेवाही पुन्हा सुरू करावी, अशी त्यांची विनंती होती. मी तिथेच बसले होते.

बुवा म्हणाले, "चांदमियाँला कोणी मारलं?"

"बुवा, आज आनंदाच्या वक्ताला हे काहून काढता?"

"नाव सांगा. मग बांधतो."

चहा झाला आणि मंडळी उठली.

ते गाणे झाले नाही, आणि त्यानंतर बुवांनी एकही नवी बंदिश बांधली नाही. वयामुळे प्रतिभा आटली, असे बुवांच्या या गौरवग्रंथातल्या एका अभ्यासकांनी लिहिले आहे. ते खरे नाही. मी एकदा विचारले होते, "बुवा, आता सुचत नाही का?"

"सुचतं की," ते म्हणाले. "दाखवायचं कुणाला?"

मात्र शिकवणे त्यांनी एक दिवसही थांबवले नाही. हुरमतबींना बहीण मानून घरात ठेवले. त्यावरून काही पालकांनी मुले काढून घेतली, तर बुवांनी उरलेल्यांना जास्त वेळ दिला. हुरमतबी गेल्या तेव्हा कबरीवर माती घालायला आमच्या गल्लीतून बुवा एकटेच गेले होते.

अशा आमच्या गुरूंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची दृष्टी मंदावली आहे, पाय थकले आहेत. शरीराचे हे क्लेश कमी व्हावेत आणि आम्हां शिष्यांच्या डोक्यावर त्यांचा हात पुष्कळ वर्षे राहावा, ही प्रार्थना. हा गौरवग्रंथ हिंगोलीत घरोघर जाईल. त्या दिवशी तोंडे बांधून आलेल्यांपैकी काहीजण अजून हयात आहेत, तेही तो हातात घेतील. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. बुवा अजून विचारतात. ते आहेत तोवर त्यांच्या घरी जा आणि सांगा.