घरची बाटली कोणती

चव ही माणसाकडे उरलेली शेवटची स्वतंत्र गोष्ट आहे. मतं उसनी घेता येतात, श्रद्धा वारशाने मिळतात, पण स्वतःच्या जिभेवर आलेल्या गोष्टीबद्दल माणसाला दुसऱ्या कुणाचं ऐकता येत नाही.

हे वाक्य माझंच आहे. जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकात मी खाण्यापिण्यावर लेख लिहिला होता, त्यात ते आलं. तो अंक जाहिरातदारांखेरीज कुणी उघडेल असं मला वाटलं नव्हतं. दाजींनी उघडला, वाचला आणि मार्चच्या शेवटी मला फोन करून सांगितलं की रविवारी तामलवाडीला या, वाइन चाखायचीय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला मी अक्का म्हणतो. दाजींची द्राक्षबाग आहे, आणि खायची द्राक्षं पिकवण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात क्वचित कुणी असेल. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस येऊन गेला आणि त्याच्या सांगण्यावरून दाजींनी बागेच्या एका तुकड्यात वाइनच्या जातीच्या वेली लावल्या. कंपनीने सुरुवातीला माल उचलला, मग उचलणं बंद केलं. वेली राहिल्या. दाजींनी नाशिककडच्या एका ओळखीच्या वायनरीवाल्याला गळ घातली आणि आपल्या द्राक्षांची थोडी वाइन करून घेतली. त्या बाटल्या आता घरी आल्या होत्या. एप्रिलच्या छाटणीआधी ठरवायचं होतं की या वेली ठेवायच्या, की उपटून तिथं खायची जात लावायची. ठेवायच्या तर आणखी काही वर्षं त्याच वाइनच्या भरवशावर काढायची होती. म्हणून दाजींना चार माणसांचं खरं मत हवं होतं.

त्यानंतर अक्काचा वेगळा फोन आला. म्हणाली, "हे बघ, तिथं सगळे गोड बोलतेल. तू तरी खरं सांग." मी वचन दिलं. वचन देताना मला ते फार सोपं वाटलं.

बाजारातल्या वाइनबरोबर घरची वाइन, सगळ्या बाटल्या झाकून चाखायच्या, ही कल्पना मीच सुचवली. अनेक पुस्तकांत तिचं कौतुक वाचलं होतं. लेबल दिसलं नाही, किंमत कळली नाही की माणसाची जीभ मोकळी होते, असं त्या पुस्तकांत असतं. दाजींनी सोलापुरातून बाटल्या आणल्या: एक कोरडी पांढरी, एक गुलाबी, एक मध्यम किमतीची लाल, आणि एक स्वस्तातली गोड लाल, जी आमच्याकडे 'वाइन' या नावाने सर्वांना ठाऊक असते. एक फार महागडी, लाकडी पिंपात मुरवलेली बाटली दाजींच्या बागेचे सल्लागार आणणार होते. घरची धरून एकूण सहा. अक्काने दाजींच्या जुन्या पायजम्यांचे पाय कापून त्यांच्या पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीवर शाईने आकडा घातला. कोणत्या पायात कोणती बाटली, हे फक्त तिला माहीत होतं.

आम्ही द्राक्ष भरायच्या शेडमध्ये बसलो. पत्र्याची शेड, वेळ दुपारची. पांढरी आणि गुलाबी हौदात बुडवून ठेवल्या होत्या, बाकीच्या उन्हाच्या कृपेवर. चाखायला मी होतो. शेजारच्या रानाचे मालक, म्हणजे एक निवृत्त बँक मॅनेजर, होते. आणि बागायतीचे सल्लागार होते. सल्लागारांनी पुण्यात वाइनचा एक छोटा अभ्यासक्रम केलेला होता आणि तेव्हापासून ते पाणीसुद्धा पेला फिरवून पीत. शिवाय दाजींचे चुलते, आप्पा. आप्पा घरातले सर्वांत वडील. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. पण घरातला कुठलाही निर्णय त्यांच्यासमोर होतो, त्यामुळे याही निर्णयाला त्यांची खुर्ची मध्यभागी ठेवली होती आणि पहिला पेला त्यांना दिला जात होता. ते तो नाकाजवळ नेत आणि परत देत.

सल्लागारांनी आधी शिकवणी घेतली. रंग पाहायचा, पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात खेळवायचा आणि थुंकायचा. थुंकायला अक्काने घासूनपुसून स्टीलची बादली ठेवली होती. आप्पांनी बादलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरात आलेल्या वस्तूवर थुकायचं न्हाय." तिथंच तो विषय संपला. बादली दिवसभर स्वच्छ राहिली. जे चाखलं ते सर्वांनी गिळलं.

पहिली पांढरी आली. कच्च्या पेरूच्या सालीसारखी, जिभेच्या कडा आखडून घेणारी, पण स्वच्छ. आप्पांनी वास घेतला. "चांगलीय." मॅनेजर म्हणाले की आप्पांनी नेमकं सांगितलं. सल्लागारांनी त्यात लिंबाची फुलं आणि ओला दगड हुडकला आणि निष्कर्ष काढला की चांगली आहे. गुलाबी आली. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या सरबतासारखी, दिसायला उत्साही आणि आत फारसं काही नसलेली. आप्पा म्हणाले चांगलीय. तिसरी, म्हणजे ती स्वस्त गोड लाल, खोकल्याच्या औषधात गूळ विरघळवावा तशी होती. तीही चांगली निघाली. सल्लागार म्हणाले की हिच्यात तंबाखूची छटा आहे. मॅनेजरांनी मान डोलावून दुजोरा दिला, आणि ते खोटं बोलत नव्हते, कारण तंबाखूची चिमूट त्यांच्या गालात सकाळपासून होती.

चौथीचा रंग सुरेख होता. वास जांभळाचा, तोही सुरेख. मग घोट तोंडात गेला आणि तिथं काही घडलंच नाही. कडवट नाही, आंबट नाही, वाईट नाही. गिळल्यावर काय प्यालो हे आठवावं लागत होतं. आप्पा म्हणाले चांगलीय. मतं वहीत लिहायची नव्हती, सगळ्यांसमोर तोंडाने सांगायची होती. माझी पाळी आली तेव्हा मी "छान आहे" असं म्हणालो.

हे मी का म्हणालो याचा मी पाचवीचा पेला हातात येईपर्यंत विचार करत होतो. मग लक्षात आलं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना आमचा जिल्हा माहीत नव्हता. बाटली झाकली की तिकडे माणूस निर्धास्त होतो. इकडे बाटली झाकल्यावर सहापैकी कोणतीही यजमानाची असू शकते, म्हणजे सहाच्या सहा वाइनना चांगलं म्हणणं भाग. लेबलं उघडी ठेवली असती तर निदान पाच बाटल्यांना नावं ठेवता आली असती. माझ्या शास्त्रोक्त पद्धतीने तीही सोय काढून घेतली होती. पाचवी, नव्या दाराची चौकट चाटल्यासारखी, लाकडाच्या वासाने भरलेली, सर्वानुमते चांगली ठरली. सहावीही. एवढ्या गिळलेल्या घोटांनंतर एकमत आणखीच प्रेमळ झालं होतं. दाजी सगळ्यांकडे आशेने बघत होते आणि त्यांना सहा उत्तम वाइन मिळाल्या होत्या, ज्यांचा त्यांना काहीही उपयोग नव्हता.

मी पुन्हा एक फेरी घेऊ म्हणालो. यावेळी प्रत्येक वाइनमधला एक दोष सांगायचाच, असा नियम केला. मॅनेजर म्हणाले, पहिलीत दोष असा की ती लवकर संपली. सल्लागार म्हणाले, दोष शोधायला वाइनला वेळ द्यावा लागतो. मला त्या क्षणी पेला बादलीत ओतावासा वाटला.

तेवढ्यात लाइट आली. त्या आठवड्यात शेतीचं थ्री-फेज दुपारचं होतं, आणि लाइट आली की आमच्याकडे माणूस तेराव्याला बसलेला असला तरी मोटार चालू करायला उठतो. दाजी विहिरीकडे गेले. अक्का दारात उभी होती. ती पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "आमची बाटली ह्यात मी ठेवलेलीच न्हाय. ती आत कपाटात हाय. आता तरी तोंड उघडा."

मग मॅनेजर खुर्चीत पुढे सरकले. "असं व्हय. मग खरं सांगू का वैनी?"

आणि त्यांनी सांगितलं. पहिली आंबट ढाण, गुलाबी म्हणजे पोरखेळ, तिसरीवर मुंग्या लागतील. सल्लागारांच्या अंगात तर न्यायाधीश संचारला. पाचवी बाजारू आहे, म्हणाले, लाकूड आहे आणि वाइन नाही. ती त्यांनी स्वतः आणलेली होती. चौथीचा पेला मॅनेजरांनी उजेडात धरला. "ह्याच्यात काय न्हाय. रंगीत पाणी हाय हे." सल्लागार म्हणाले, दुबळी. दुपारभरात पहिल्यांदा माझ्या जिभेचं आणि टेबलाचं एकमत झालं. मी आप्पांकडे पाहिलं. ते म्हणाले, आपलं मत आपण एकदा दिलेलं आहे, ते सारखं सारखं बदलायचं नसतं.

दाजी हात पुसत परत आले तेव्हा अक्का बाटल्यांवरचे पायजमे उतरवत होती. चौथ्या पायातून बिनलेबलाची बाटली निघाली, म्हणजे घरचीच. मॅनेजर म्हणाले की उन्हाने मघापासून आपलं तोंड कडू झालंय. पाचव्या पायातली बाटली बघून सल्लागार म्हणाले की प्रवासात वाइन थकते. ती त्यांच्या एसी गाडीतून आली होती.

"काय ठरलं मग?" दाजींनी विचारलं. ते खुर्चीवर बसले नाहीत.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्का म्हणाली, "सांग."

मी सांगितलं. "दाजी, तुमची वाइन वाईट नाही. पण ती तोंडात राहत नाही. पाणी लागतं तिच्यात."

"पाणी न्हाय घातलं हो कुणी."

"बाटलीत नाही. वेलीला. तुम्ही या वेली खायच्या द्राक्षांसारख्या वाढवता. भरपूर पाणी, भरपूर खत, मणी फुगवायचा. वाइनला मणी लहान लागतो. वेलीवर घड निम्मे ठेवायचे, आणि शेवटी पाणी तोडायचं. ते जमणार असेल तर वेली ठेवा. नसेल तर काढा."

दाजींनी बागेकडे पाहिलं. ते चिडले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. "चांगला घड हातानं कापून टाकायचा? आन् पाणी असताना वेल तहानेली ठेवायची? पावणं, हे पुस्तकात असंल. म्या वीस वर्सं मणी मोठा कसा करायचा तेवढंच शिकलोय."

"म्हणून म्हणतो, मग काढा."

अक्काने पहिल्यांदा माझ्याकडे बरं वाटल्यासारखं पाहिलं. मला वाटलं, झालं. मग दाजी वळले.

"आप्पा, तुमी काय म्हणता?"

"म्या मघाच सांगितलंय," आप्पा म्हणाले. "चांगलीय."

"म्हंजे वेली ठिवायच्या?"

"ठेव की. लावलेली वेल काढू न्हाय."

दाजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी मात्र उठून उभा राहिलो आणि थोड्या वरच्या आवाजात म्हणालो की दाजी, आप्पांनी एक थेंबही घेतलेला नाही. इथं बसलेल्या सगळ्यांत फक्त त्यांनीच ती वाइन चाखलेली नाही.

"म्हणून तर त्यांचं ऐकायचं," दाजी म्हणाले. "तेवढे एकटेच शुद्धीत हायेत."

माझी जीभ तेव्हा किंचित जड झालेली होती, हेही खरं. मॅनेजर म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे. सल्लागारांनी उरलेली पाचवी आपल्या पेल्यात ओतून घेतली, थकलेली असूनही. अक्काने पेले गोळा केले आणि ते हौदावर जरा जोरातच विसळले. मला एसटीवर सोडायला ती बांधापर्यंत आली. वाटेत फक्त म्हणाली की अजून काही वर्षं याच बागेत जातील, आणि घडातले मणी विरळायला तिलाच उभं राहावं लागेल. मी म्हणालो, मी सांगितलं ना. ती म्हणाली, "सांगितलंस की." त्यात कौतुक होतं की तक्रार, हे मला सोलापूर येईपर्यंत ठरवता आलं नाही.

एप्रिलमध्ये छाटणी झाली. वेली राहिल्या. पुढच्या हंगामात त्यांना पाणी भरपूर मिळालं, घड एकही कापला गेला नाही आणि मणी इतके फुगले की येणारेजाणारे बांधावर थांबून बघत. दाजींनी मला फोटो पाठवले. वायनरीवाल्याने ते फोटो पाहून माल घ्यायला नम्रपणे नकार दिला, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही. मग दाजींनी सगळ्या द्राक्षांचा बेदाणा केला. अक्काने त्यातला एक डबा मला धाडलाय. बेदाणा गोड आहे, पण दाताखाली कचकचतो. वाइनच्या जातीला बिया असतात.