तीट पुसली आणि चिमटा काढला

पोरांनो, आज मला जी किळस आली ती ऐका. मी बोलतेय, नात दीपाली टाइप करतेय.

दीपालीला जर्मनीला ऑ पेअर म्हणून जायचंय. म्हणजे तिथल्या एका घरात राहून त्यांची लेकरं सांभाळायची. बदल्यात खोली, जेवण, हातखर्च आणि भाषाही पक्की होते. मी म्हटलं, जा माय.

दुपारी धुळ्याचा एजंट आमच्या पारोळ्याच्या घरी आला. तिकडच्या कुटुंबाला दाखवायला बाळ सांभाळतानाचा व्हिडिओ हवा होता. म्हणून शेजारच्या सुनेचं तान्हं बाळ आणलं. त्याने आधी बाळाच्या गालावरची तीट पुसली. "आजी, त्या लोकांना हे घाण वाटतं." त्याच्या सेंटच्या वासाने माझंच डोकं उठलं होतं.

बाळ खुदुखुदू हसत होतं. "हे रडलं तर हिने शांत केलेलं दिसेल," असं म्हणत त्याने चक्क बाळाच्या मांडीला चिमटा काढला!

"लेकरूले चिमटा काढस? तुले माय शे का नही रे?" मी ओरडले.

दीपालीने बाळ ओढून छातीशी धरलं. "भाऊ, तुम्ही निघा. तुमच्यामार्फत मला जायचंच नाही."

तिच्या खांद्यावर हुंदके देत देत बाळ झोपलं. तेव्हा व्हिडिओ काढायला मोबाइल कुणीच धरला नव्हता.

तीट मी परत लावली. पोरीला जायचं आहेच. तुमच्यातली कुणाची लेक गेली असेल तर सांगा, लेकराला न रडवता जायची वाट कोणती?