बावीस ग्रॅमची तूट

मावशीला इस्पितळात सगळे मावशीच म्हणतात. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे डॉक्टरसुद्धा. राग येत नाही का, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "येतो ना. पण मी त्यांना काका म्हणायला लागले तेव्हा त्यांना जास्त आला. मग माझा गेला."

ती तिथल्या लॉण्ड्रीत इस्त्रीखाना सांभाळते. तळमजल्यावरची लांबट खोली, तीन यंत्रं, प्रत्येकाला माणसाच्या उंचीएवढे तापलेले रूळ. एका बाजूनं ओलसर चादर सारायची, दुसऱ्या बाजूनं पत्र्यासारखी कडक ओढून घ्यायची. वॉर्डात चादर हरवली की पहिलं बोट लॉण्ड्रीकडे जातं. एकोणीस वर्षांत तिच्या हातून एकही चादर गहाळ झालेली नाही. हे ती सांगत नाही, मी सांगतो. चादरींवरून मी तिथल्या कामगारांच्या बाजूनं तीन वेळा भांडलो आणि तिन्ही वेळा चादरी शवागारात सापडल्या. माफी कुणी मागितली नाही. तिथल्या लोकांनी मागितली असती तर मी घेतली असती.

कॉफी तिच्या घरात चुकून शिरली. एका पेशंटच्या भावानं जाताना कच्च्या बियांची पिशवी तिच्या हातात ठेवली आणि आत काय आहे ते सांगायला विसरला. कॉफीची कच्ची बी दिसते हिरवट-करडी, वास वाळल्या गवताचा. मावशीनं कडधान्य समजून निम्म्या बिया भिजत घातल्या आणि सकाळी कुकरला लावल्या. अकरा शिट्ट्या झाल्या. लेक म्हणाली, "आई, हे धान्य नाही, खडी आहे. रस्त्याला घाल." लेक बस चालवते, रस्त्यांबद्दल तिला मत आहे. उरलेल्या बिया एका नर्सनं ओळखल्या. मग मावशीनं त्या लोखंडी कढईत भाजल्या. बिया तडतडल्या, फोलपटं उडाली, घरभर धूर झाला आणि शेजारी तक्रार घेऊन आला. मावशीनं त्याच्या हातात कप दिला. तो शेजारी अजून रोज तक्रार घेऊन येतो.

आमच्या भागात घरी कॉफी भाजणारे आम्ही एकोणपन्नास जण आहोत. एक दंतवैद्य मक्याच्या लाह्या फोडायच्या यंत्रात भाजतो. एका वेल्डरनं पत्र्याचा डबा करून त्याला ड्रिलची मोटर लावलीय, ती सुरू झाली की समोरच्या इमारतीतली कुत्री उत्तर देतात. वर्षातून एकदा आम्ही पन्नास किलोचं एक पोतं मिळून मागवतो. माणशी एक किलो, मावशीला दोन, कारण सगळी मेहनत तिची. त्या दिवशी जो तो आपल्याकडच्या वेगळ्या बियाही आणतो आणि अदलाबदल होते. वजनाला वजन, टेबलावर पैसा दिसता कामा नये. हा नियम मी केलाय. मग कप फिरतात आणि लोक डोळे मिटून बोलायला लागतात. कुणाला जर्दाळू लागतो, कुणाला मध, दंतवैद्याला एकदा ओलं लाकूड लागलं. मावशीला विचारलं तर म्हणते, "मला कॉफी लागते."

वाटपाचं काम तिच्याकडे, कारण पहिल्या वर्षी ते मी केलं होतं आणि दोन माणसं कायमची सोडून गेली.

पोतं लॉण्ड्रीच्या दारात उतरतं. त्याच दिवशी ड्यूटी संपली की मावशी आणि लेक बसतात. बाद झालेल्या चादरींच्या पिशव्या शिवून तयार असतात. मावशी भरते, लेक काटा वाचते, एक बी जास्त झाली तर काढते, कमी असली तर घालते. संध्याकाळी पिशव्या, मी ज्याचा पुढारी आहे त्या भाडेकरू संघाच्या हॉलवर येतात आणि तासाभरात संपतात. दर वर्षी हे असंच व्हायचं. या वर्षी हॉल रंगवायला काढला होता आणि रंगाऱ्याशी माझं भांडण झालं. तो अर्धी भिंत टाकून निघून गेला. चूक त्याचीच होती. दुसरा रंगारी मिळेपर्यंत महिना गेला. तेवढा काळ भरलेल्या पिशव्या इस्त्रीखान्यातल्या फळीवर, रुळांच्या मागे रांगेनं उभ्या होत्या.

महिन्यानंतर हॉल उघडला. नवा सभासद होता एक निवृत्त निरीक्षक. चौतीस वर्षं वजन-मापं खात्यात काढलेली. आम्ही त्याला मापसाहेब म्हणायचो. त्यानं पिशवी घेतली, खिशातून स्वतःचा छोटा काटा काढला, रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं आणि म्हणाला, "नऊशे अठ्ठ्याहत्तर."

"काटा बिघडलाय तुमचा," मी म्हणालो.

"माझा?" तो म्हणाला. नुसतं एवढंच.

मग वेल्डरनं आपली पिशवी ठेवली. नऊशे अठ्ठ्याहत्तर. दंतवैद्याची नऊशे सत्त्याहत्तर. हॉलचा मोठा काटा आणला, तोही तेच बोलला. बघता बघता सगळ्यांनी रांग लावली. एकाही पिशवीत किलो भरला नाही.

"मी पूर्ण भरलं होतं," मावशी म्हणाली.

"मग गेलं कुठं, बाई?" मापसाहेबानं विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो.

लेक पुढं झाली. "ओ साहेब, माझ्या आईला चोरायचंच असतं तर बावीस-बावीस ग्रॅम कशाला काढत बसली असती? चिमटा घेऊन? सरळ दोन पिशव्या दाबल्या असत्या की!"

"थोडं थोडं काढणारेच जास्त असतात," साहेब म्हणाला. "माझा अनुभव आहे."

लॉण्ड्रीच्या वर इस्पितळाचं जे स्टोअर आहे, तिथला स्टोअरवालाही आमच्यात आहे. त्यानं आपली पिशवी तीनदा तोलली आणि मावशीकडे न बघता तोंड आवळून काखेत धरली. मावशीनं ते पाहिलं.

मग तिनं आपल्या दोन पिशव्या सोडल्या, चमचा मागितला आणि काट्याशी बसली. "या एकेक जण." प्रत्येकाची पिशवी तिनं स्वतःच्या वाट्यातून किलोला पुरी केली. नको मावशी, असं दोघा-तिघांनी म्हटलं आणि पिशवी पुढं केली. शेवटी तिच्याकडे किलोसुद्धा उरला नाही. हे सगळं लिहिणाऱ्यानंही आपले बावीस ग्रॅम घेतले. मला वाटलं, घेतले नाहीत तर तिला वाईट वाटेल. नंतर लेकीनं मला सांगितलं, "पुढारी, तुला जे वाटतं ना, ते तुझ्या सोयीचंच असतं."

त्या आठवड्यापासून स्टोअरवाला चादरी मोजायला लागला. आधी मावशी वहीत आकडा लिहायची आणि तो खाली सही करायचा, गठ्ठ्याकडे बघायचासुद्धा नाही. आता ती आकडा सांगायची आणि तो गठ्ठा सोडायचा. रोज. तिच्या समोर, तिच्या हाताखालच्या सहा बायकांसमोर. मी म्हटलं, मी येऊन बघतो त्याच्याकडे. मावशी म्हणाली, "तू येऊ नकोस. तू आलास की खरोखरच चोरी झाल्यासारखं वाटतं." घरी तिनं कढई धुऊन माळ्यावर टाकली. शेजारी तक्रार घेऊन आला तर त्याला पाणी मिळालं.

तीन आठवड्यांनी मापसाहेब लॉण्ड्रीत आला. हातात पाकीट. तो अर्ध्या जमिनीखालच्या खोलीत राहतो. त्या खोलीच्या भिंतींना एवढी ओल आहे की त्याच्या घरमालकाविरुद्धचा अर्ज मीच लिहून दिला होता. घरात तो मीठसुद्धा वजन करून ठेवतो. भाजायच्या आधी त्यानं पिशवी तोलली होती.

"बाई, तुमचे एकवीस ग्रॅम माझ्याकडे जास्त आलेत," तो म्हणाला आणि पाकीट पुढं केलं.

"मी तुम्हाला काट्यावर पुरा किलो करून दिला," मावशी म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत."

"हो."

"मग हे कुठून आणलेत?"

"तेच कळत नाही."

मावशीनं चादर सारता सारता त्याच्याकडे पाहिलं. "आता तुम्हाला कळलं, कसं वाटतं ते."

तो उभा राहिला. त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहिलं की शर्ट चिकटतो, दहा मिनिटांनी ओठ सुकतात. साहेबानं ओठांवरून जीभ फिरवली. रुळांकडे बघितलं, मग रुळांमागच्या फळीकडे. "पिशव्या कुठं ठेवल्या होत्या?" मावशीनं हनुवटीनं फळी दाखवली. तो तिथं गेला, फळीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

मग तो खाली, मळक्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसला. कच्ची बी ओलावा सोडते आणि ओलावा पितेही. इथं महिनाभर वाळून हलकी झाली, त्याच्या खोलीत तीन आठवडे ओल पिऊन जड झाली. बी एकही इकडची तिकडे गेली नव्हती.

"मी साबणवाल्यांना दंड केलेत," तो म्हणाला. "दुकानात वडी कमी भरायची. ते म्हणायचे, साहेब, साबण वाळतो. मी म्हणायचो, सगळे असंच सांगतात."

"वाळतो?"

"वाळतो," साहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारावर नोटीस लागली. सदर तूट कोणाच्याही हेतूने नसून हवेने झाल्याचे निरीक्षणांती आढळले आहे, ती प्रथम न ओळखण्याची चूक खाली सही करणाराची आहे, सबब संबंधितांनी प्रत्येकी बावीस ग्रॅम तात्काळ परत करावेत. खाली सही, आणि शिक्क्यासाठी मोकळी जागा. शिक्का खात्यानं काढून घेतला होता, जागेची सवय गेली नव्हती.

पंचाईत अशी की बऱ्याच जणांचा किलो पिऊन झाला होता. म्हणून ज्याच्या घरात जे होतं ते त्यानं आणलं. कुणाची बी शेंगदाण्याएवढी, कुणाची मुगाएवढी, कुणाची पिवळी पडलेली. वेल्डरनं दोन वर्षांपूर्वीचं काहीतरी आणलं, त्यात खिळा होता. मी आणलेल्या बियांबद्दल लिहीत नाही. हॉलच्या टेबलावर अठ्ठेचाळीस पुड्यांचा ढीग झाला. भाजणाऱ्याला हे कुणी सांगायला नको की वेगवेगळ्या आकाराच्या बिया एका कढईत घालायच्या नसतात. लहान जळते तेव्हा मोठी कच्चीच असते.

"वेगवेगळं ठेव, मावशी," दंतवैद्य म्हणाला. "पुड्यांवर नावं टाकतो."

"नावं कशाला? मला द्यायचंय ना?" तिनं सगळं एका परातीत ओतलं, खिळा काढून वेल्डरच्या हातात दिला आणि लेकीला म्हणाली, "जा, घरून कढई घेऊन ये."

तिनं तिथंच, सगळ्यांसमोर भाजलं. निम्मं काळं झालं, निम्मं बदामी राहिलं, धुरानं नवा रंग पिवळा पडला. दळलं, गाळलं, अठ्ठेचाळीस कप भरले. "घ्या."

सगळ्यांनी घेतलं. वरून कोळसा, खालून गवत. कुणाला जर्दाळू लागला नाही, मध लागला नाही. दंतवैद्यानं डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. मावशी एकेकाच्या कपात डोकावत फिरत होती, तळ दिसल्याशिवाय पुढं सरकत नव्हती. मापसाहेबानं कप संपवला आणि आणखी मागितला. तिनं दिला.

माफी मागावी असं माझ्या मनात आलं होतं. भाषणही तयार होतं. मावशी म्हणाली, "बस खाली. कप संपव."

पुढच्या सोमवारी इस्त्रीखान्यात चादरींचा गठ्ठा बांधून झाला. मावशीनं वहीत आकडा लिहिला. स्टोअरवाल्यानं पेन काढलं आणि सही करायला वाकला.

"मोजा," मावशी म्हणाली.

"राहू दे ना, मावशी. झालं ते झालं."

"मोजा म्हणते ना."

त्यानं गठ्ठा सोडला. बायका कामं थांबवून उभ्या राहिल्या. तो दोनदा चुकला, दोन्ही वेळा मावशीनं पहिल्यापासून मोजायला लावलं. तिसऱ्यांदा आकडा बरोबर आला. त्यानं सही केली. मग मावशीनं त्याच्याचकडून चादरींच्या घड्या घालून घेतल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून, सगळ्याच्या सगळ्या.