मामाच्या वाट्याचं जावळ

मला किळस फार. पलटणीत भरती होताना सरकारने माझी उंची मोजली, छाती मोजली, दात वाजवून पाहिले. किळस मोजायचं यंत्र सरकारजवळ नव्हतं, नाहीतर मला तिथूनच घरी हाकललं असतं.

महायुद्ध चालू होतं. बरोबरचे लोक ब्रह्मदेशात गेले, आफ्रिकेत गेले. मला पाठवलं हिंगोलीला. जुन्या छावणीच्या पडक्या लायनीत पलटणीच्या खेचरांचा तळ होता आणि नाईक म्हणून त्यांना दाणा-चारा वाटायचं काम माझ्याकडे होतं. लढाई करायला निघालेला मी सकाळ-संध्याकाळ शेकडो शेपट्यांच्या मागे उभा राहू लागलो. तळाच्या पलीकडे बायकालेकरं ठेवण्यासाठी कौलारू खोल्यांची एक रांग होती. त्यातली एक मला मिळाली, म्हणून बायकोला आणि तान्ह्या लेकराला घेऊन आलो. तोपर्यंत माझा समज होता की घाण फक्त तबेल्यात असते.

दुपारी वारा फिरला की खेचरांच्या मुताचा वास सरळ खोलीत यायचा आणि चुलीवरच्या वरणात उतरायचा. माश्या तर अशा, की भाकरीवर तीळ लावलेत असं वाटावं. आणि या सगळ्याच्या मधोमध आमचे चिरंजीव. एका टोकाने नाक गळतंय, दुसऱ्या टोकाचं तर लिहीतच नाही. मी इस्त्रीच्या वर्दीत घरी यायचो आणि दोन्ही हात लांब करून त्याला धरायचो, गळका कंदील धरावा तसा.

बायको म्हणायची, "बाँब हाय का त्यो? जवळ घ्या की. काहून तोंड वाकडं करून राहिले?"

"वर्दी खराब होते."

"वर्दीनं काढलं का हे लेकरू?"

मी लेकराला जवळ घ्यायचो, आणि ते अगदी हुकूम मिळाल्यासारखं माझ्या खांद्यावरच्या फितीवर दूध ओकायचं.

पण खरा विषय होता त्याचं जावळ. पहिलं वर्ष उलटून गेलं तरी ते उतरवलेलं नव्हतं. केस मानेखाली आलेले. त्यात एरंडेल, त्यात आटवलेल्या दुधाची साय, त्यात मऊ भाताची शितं, आणि एकदा तर गुळाचा अख्खा खडा सापडला. वास विचाराल तर शिळं ताक, ओलं घोंगडं आणि जळकं तेल एका गाडग्यात घालून तोंड बांधून ठेवा आणि चार दिवसांनी उघडा. मी जेवायला बसलो की ते रांगत यायचं आणि डोकं माझ्या ताटात घालायचं.

जावळ उतरवताना लेकरू मामाच्या मांडीवर बसवतात, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. अडचण अशी, की मामा ब्रह्मदेशात होता. बायकोचा थोरला भाऊ, माझ्याच वर्षी भरती झालेला. त्याला किळस नव्हती, म्हणून तो लढाईवर गेला. पावसाळ्यापासून त्याची काहीच खबर नव्हती. बायकोने कुलदैवतापुढे बोलून ठेवलं होतं, दादाच्या मांडीवर बसल्याबिगर जावळ उतरायचं न्हाई.

एकदा मी नुसत्या डोळ्यांवर येणाऱ्या बटा कापाव्यात म्हणून कात्री घेतली. ती भांडली नाही. माझ्या हातातून कात्री काढून घेतली, बाहेर गेली आणि कौलांवर फेकून आली.

"दोन बटा तर होत्या," मी म्हणालो.

"केस उतरले म्हंजे दादाची वाट बघायचं संपलं," ती म्हणाली. "संपलं का? तुमाला काही कळलंय का तिकडून?"

मला काही कळलेलं नव्हतं. कात्री कौलांवर गंजली. मी पुन्हा जावळाचं नाव काढलं नाही, फक्त श्वास तोंडाने घ्यायला शिकलो.

आणि मग ती ऊ आली. सकाळच्या हजेरीला मी ताठ उभा होतो आणि माझ्याच कॉलरवरून एक जाडजूड ऊ चालत खाली उतरली, बिल्ल्यापाशी थांबली, पुन्हा वर गेली. मला उलटी आली ती मी गिळली. ते इथे सांगायची गरज नव्हती, पण घडलं तसं सांगतो आहे. मनात एकच विचार, ही शेजारच्या खोलीतली! शेजारची बाई मेंढपाळाच्या घरातली, हिंगोलीजवळच्या गोरेगावकडची. नवरा खेचरं हाकणारा. तिची तीन लेकरं दिवसभर डोकी खाजवत फिरायची. हजेरी सुटल्याबरोबर मी तरातरा तळाचा कारभार पाहणाऱ्या जमादारांकडे गेलो.

"साहेब, फॅमिली लायनीत उवा झाल्यात. लोकांना सफाईची अक्कल न्हाई. आमच्यासारख्या स्वच्छ माणसाला तकलीफ होते."

जमादार हैदराबादकडचे, मिशा मेण लावल्यासारख्या. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "शाबास! बराबर बोले तुम. परसों नाई को बुलाताऊँ. लायन के सारे बच्चे, सर सफाचट! एक भी बाल नक्को होना."

मी सलाम ठोकला. छाती फुगवून परत फिरलो. हौदापाशी आलो तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की सारे बच्चे म्हणजे त्यात आमचाही आला. मागे पळत गेलो.

"साहेब, आमच्या लेकराचं जावळ हाय. मामाची वाट बघून राहिलो."

"हुकुम हुकुम है मियाँ. और शिकायत तो तुमीच लाए ना?"

घरी बायकोला सांगितलं. तिने लेकराला उचललं, पदर त्याच्या डोक्यावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. कात्री फेकताना तरी बोलली होती.

बाहेरून शेजारीण बोलली, सगळ्या लायनीला ऐकू जाईल असं. "आता व्हय गं, आमची लेकरं तर उवांचीच! पण नाईकभाऊंच्या घरी कोण पाळतंय त्या, ते बगायला कुणी गेलंय का?"

मी गेलो. म्हणजे खोलीतच होतो, पण प्रथमच गेलो. लेकराला उंबऱ्यावर उजेडात बसवलं आणि जावळ बोटांनी फाकवलं. पुढचं वर्णन जेवणाआधी वाचू नये. तिथे तळ पडला होता. लिखा ज्वारीच्या कण्यांसारख्या ओळीने लावलेल्या, मोठ्या उवा त्यांच्यामधून गस्त घालत होत्या. माझ्या कॉलरवर आलेली कुठली, हे विचारायची सोय राहिली नाही. शेजारणीच्या लेकरांना त्या आमच्याकडूनच गेल्या असणार.

मला वाटलं, डोकं एकदम स्वच्छ करून दाखवलं तर जमादार सोडतील. शेजारणीकडेच गेलो. तिने आधी मला मनसोक्त हसून घेतलं, मग सीताफळाच्या बियांची पूड दिली. "तेलात कालवून लावा. पर भाऊ, डोळ्यात जाऊ देऊ नगा हां. डोळा सुजून भोपळा व्हतो."

बायकोने लेकराच्या कपाळाभोवती फडकं घट्ट बांधलं आणि त्याला मांडीवर पालथं धरलं. लेप मी लावला. फणीही मीच चालवली, कारण ती म्हणाली, "हुकूम तुमी आणला, उवाबी तुमीच काढा." फणीच्या प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडालेल्या अर्धमेल्या उवा निघत होत्या. अंगठ्याच्या नखांवर त्या चिरडायच्या, आणि चिरडताना टच्‌ असा जो आवाज होतो तो मला अजून भरताची वांगी भाजताना ऐकू येतो. लेकरू बोंबलत होतं, मी ओकारी दाबत होतो, बायको दोघांनाही "झालं, झालं" म्हणत होती.

तेवढ्यात माझ्या पापणीवर काहीतरी चाललं. ऊच असणार. किळस आलेल्या माणसाला विचार नसतो. मी दोन्ही हातांनी डोळे चोळले, त्याच तेलाच्या, त्याच पुडीच्या हातांनी.

मी जो ओरडलो, त्याने म्हणे तबेल्यातली खेचरं बिथरली.

न्हाव्याच्या दिवशी माझे डोळे म्हणजे दोन पिकलेली उंबरं होती. काही दिसत नव्हतं, नुसतं पाणी आणि चिकट घाण गळत होती. न्हावी खेचरांची आयाळ भादरणारा तोच, हत्यारही तेच, आणि त्याखालून शेजारच्या लेकरांची डोकी एकामागून एक उतरत असल्याचं मी ऐकत होतो. मग बूट आमच्या दारात वाजले. जमादार आत डोकावले असतील, कारण एकदम मागे सरल्याचा आवाज आला.

"या अल्ला! इसकी तो आँख आई है!"

मी खरं सांगायला तोंड उघडणार, तर माझ्या पायावर बायकोचा पाय पडला, चांगला जोरात. "व्हय साहेब," ती म्हणाली, "लेकराला बी लागून राहिलं. रात्रीपासून डोळा उघडंना. या, बगा." आणि लेकराला पदराखाली झाकून ती सरळ त्यांच्या अंगावर चालत गेली.

जमादार तीन खोल्या मागे जाऊन बोलले. "दरवाजा बंद! कोई अंदर नक्को, कोई बाहर नक्को!" नाकावर रुमाल होता, हे आवाजावरून कळत होतं. दारावर चुन्याची फुली पडली. न्हावी तर केव्हाच पळाला होता.

अशा रीतीने जगाची किळस करणाऱ्या माणसाची जगाने किळस केली. शेजारीण आमचं जेवण लांब बांबूने उंबऱ्याच्या आत ढकलायची. हौदावर माझा तांब्या कुणी शिवेना. आणि मी बंद खोलीत, डोळे मिटलेला. न दिसणाऱ्याला किळस निम्मी येत असेल असं मला वाटायचं. खोटं आहे. दुप्पट येते. लेकरू दिवसभर माझ्या अंगावर चढायचं, ओल्या बोटांनी माझ्या पापण्या उघडून बघायचं, शेवटी त्याच जावळासकट माझ्या छातीवर झोपायचं. मी त्याला ढकललं नाही. ढकलायचं कुठे तेच दिसत नव्हतं.

बायको आमच्यापाशी बसून त्या केसांवरून हात फिरवत राहायची. एकदा म्हणाली, "वाचलं." जावळ म्हणाली की भाऊ, मी विचारलं नाही.

माझे डोळे उघडले, दारावरची फुली पुसली गेली आणि त्या हुकुमाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. लढाई संपली. थंडी पडू लागली होती तेव्हा एक दिवस स्टेशनकडून एक माणूस चालत आला. मलेरियाच्या गोळ्यांनी हळदीसारखा पिवळा, गालाची हाडं वर आलेली, डोक्यावर खरजेचे चट्टे. मी त्याला गाडीवान समजून चाऱ्याच्या गाड्या रस्त्यातून काढायला सांगणार होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "दाजी, वळखलं न्हाई का?"

बायको भाकरी थापत होती. हात पिठाचे तसेच ठेवून ती उठली आणि उभीच राहिली. लेकरू पिवळ्या माणसाला पाहून किंचाळलं. मामाने त्याला उचललं आणि सरळ नाक त्या जावळात खुपसून लांब श्वास घेतला. मी मनातल्या मनात बादली शोधली.

"वास येतो," मी म्हणालो.

"येऊ द्या हो. घरचा हाय," तो म्हणाला, आणि पुन्हा हुंगलं.

दुसऱ्याच दिवशी न्हावी आला. वस्तरा नवा, मी स्वतः उकळून दिलेला. लेकरू मामाच्या मांडीवर बसलं आणि बसल्या बसल्या मामाचं धोतर भिजवलं. पण जावळ जमिनीवर पडू देत नाहीत, आत्याने कणकेच्या गोळ्यात झेलायचं असतं. आत्या गोरेगावला, बाळंत होऊन पडलेली.

शेजारीण म्हणाली, "भाऊलाच करा की आत्या. उवांची वळख हाय त्यांची."

सगळी लायन हसली. माझ्या डोक्यावर बायकोचा पदर घातला, हातात कणकेचा गोळा दिला. एकेक चिकट बट त्यात पडत होती आणि ज्यांना सीताफळही मारू शकलं नव्हतं त्या उवा बटांमधून निघून कणकेवर, कणकेवरून माझ्या मनगटावर चढत होत्या. गोळा टाकता येत नव्हता. बायको समोर बसून भावाच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिने तेव्हा माझ्याकडे बघावं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

गोळा कयाधू नदीत सोडून आलो, वाटेत दोनदा ओकून. अंगणात न्हावी हत्यारं आवरत होता. मी उभ्या उभ्या डोकं खाजवलं. मग परत खाजवलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, माझ्या केसांकडे पाहिलं, आणि भावाची खबर तुटल्यापासून तिच्या पोटात अडकून राहिलेलं हसू एकदम बाहेर पडलं. ती हसतच राहिली, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

मेव्हण्याने धोतर झटकलं, ओल्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "या दाजी. बसा."