हरिहररावांची दोन मिनिटं

नौपाड्यातले हरिहरराव गुप्ते म्हणजे संथ गृहस्थ. एक संत्रं सोलायला त्यांना अर्धा तास लागे. शेवटची शीर निघाल्याशिवाय फोड तोंडात जात नसे. नीलाताई म्हणत, "अहो, तुमचं आटपेपर्यंत बाजारात आंबे येतील!" बायकोला उलट उत्तर द्यावं असा एकही पुरावा सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या हाती लागला नव्हता.

निवृत्तीनंतर ते रोज पोहू लागले. पन्नास मीटर, एक मिनिट वीस सेकंद. गेल्या वर्षी डोंबिवलीत ज्येष्ठांच्या स्पर्धेच्या अर्जावर त्यांनी तीच वेळ लिहिली. अर्जावरच्या वेळा बघून सहा-सहा जणांच्या तुकड्या पाडतात आणि प्रत्येक तुकडीतल्या पहिल्याला बक्षीस देतात. हरिहरराव नेमके दणकट माणसांच्या तुकडीत पडले आणि सहावे आले. त्यांचा मित्र प्रफुल्ल एरवी त्यांच्याही मागे राहणारा. त्याने बिनदिक्कत दोन मिनिटं लिहिली, सगळ्यात हळू माणसांत जाऊन पडला आणि थर्मास घेऊन घरी गेला.

"ही लबाडी झाली," हरिहरराव म्हणाले.

"छे रे, ही नम्रता," प्रफुल्ल म्हणाला.

यंदा हरिहररावांनीही नम्र व्हायचं ठरवलं. अर्जावर दोन मिनिटं लिहिली. त्यात नवा नियम आला होता: लिहिलेल्या वेळेपेक्षा दहा सेकंदांहून जास्त लवकर पोचेल तो बाद. म्हणजे एक मिनिट पन्नास व्हायच्या आत भिंतीला हात लावायचा नाही. त्यावर त्यांनी तोडगा काढला. भरभर जायचं, भिंतीपाशी थांबायचं आणि घड्याळ बघून हात लावायचा. थांबणं त्यांना उत्तम जमत होतं.

स्पर्धेच्या दिवशी नीलाताई मुद्दाम बघायला आल्या. "वेळ जायला संत्री आणलीत," म्हणाल्या.

तुकडीत पाच म्हातारे होते आणि आवडाबाई भोईर. बाई मानपाड्याच्या, गावच्या तळ्यात म्हशींबरोबर पोहायला शिकलेल्या. नातीने मोबाइलवर मोजलेली एक मिनिट पंचेचाळीस ही वेळ त्यांनी जशीच्या तशी लिहिली होती.

शिट्टी झाली. हरिहरराव एक-वीसला भिंतीपासून वीतभर अंतरावर पोचले आणि उभ्याने पाय मारत थांबले. पाठोपाठ प्रफुल्ल आला. तोही थांबला. मग उरलेले तिघे आले आणि थांबले. पाण्यावर पाच टकली डोकी, पाचांचे डोळे घड्याळाकडे.

"काय रे, दमलास?" हरिहररावांनी विचारलं.

"नाही, पाणी छान आहे," प्रफुल्ल धापा टाकत म्हणाला.

पंच काठावरून वाकला. "काका, एक हात राहिलाय!"

"दिसतंय आम्हाला!" पाचही जण खेकसले.

तेवढ्यात मागून आवडाबाई आल्या, सावकाश, पण न थांबता. घड्याळात एक-एकेचाळीस. हरिहररावांना अजून नऊ सेकंद हवे होते. बाईंना काहीच नको होतं. हात लावावा तर बाद, न लावावा तर पहिला नंबर गेला. त्यांचा चेहरा इतका केविलवाणा झाला, की आवडाबाईंना वाटलं माणूस बुडतोय.

"काय झाला रं दादा? पायान गोला आला का? घाबरू नको!" असं म्हणत त्यांनी हरिहररावांचं मनगट धरलं आणि त्यांचा पंजा दाणकन भिंतीवर आपटला. मग शेजारी स्वतःचा टेकवला. एक-पन्नासला बाकीचे चौघे एकदम भिंतीवर कोसळले, पण तोवर खेळ संपला होता.

थर्मास आवडाबाईंना मिळाला. माणूस वाचवला म्हणून टाळ्याही मिळाल्या.

हरिहरराव निकालाच्या फळ्यापाशी मान खाली घालून उभे होते. नीलाताईंनी चष्मा चढवला आणि तिथला कागद मोठ्याने वाचला, "हरिहर गुप्ते. बाद. कारण: वेग जास्त."

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मग नवऱ्याकडे बघितलं. "तुमचा?"

हरिहररावांची मान हळूहळू वर आली. "खाली सही-शिक्का आहे का बघ," ते म्हणाले.

दोन्ही होतं.

त्या कागदाची चौकट आता जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर लटकते आहे. तिच्याखाली बसून हरिहरराव संत्रं सोलतात. अर्धा तास लागतो. नीलाताई तोंड उघडतात, वर बघतात आणि मिटतात.