फाटकवाली बाई काय म्हणाली

ऑक्टोबर संपत आला की कॅनडात, ग्वेल्फमधल्या आमच्या घरातली, घर ऊबदार ठेवणारी फर्नेस एका सकाळी हंगामात पहिल्यांदा सुरू होते. उन्हाळाभर आतल्या पत्र्यांवर साचलेली धूळ जळते आणि तासभर घरात कोरडा, करपट वास फिरत राहतो. नवरा वैतागून खिडक्या उघडतो. मी गरम हवा येते त्या जमिनीतल्या जाळीपाशी उभी राहते, कारण हा वास माझ्या ओळखीचा आहे. अमरावतीत, शाळेच्या हॉलमध्ये, सोळा एमएमच्या प्रोजेक्टरचा दिवा तापला की नेमका असाच वास यायचा. वासाला काय, तो सातासमुद्रापारही माग काढत येतो. माणसानं कितीही दारं लावून घेतली तरी.

माझे बाबा त्या शाळेत मराठी शिकवायचे आणि महिन्यातून एका रविवारी फिल्म सोसायटीचा खेळ चालवायचे. मुंबईहून, रशियन वकिलातीकडून, पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची. फुकट यायची, त्यामुळे परदेशी सिनेमा म्हणजे रशियन सिनेमा असंच आमच्या गावानं धरून ठेवलं होतं. मैलोन्‌मैल गव्हाची शेतं, ट्रॅक्टरवर बसून गाणाऱ्या धट्ट्याकट्ट्या बाया, आगगाडीच्या दारात उभे राहून युद्धावर जाणारे आणि परत न येणारे तरुण. खाली इंग्रजी अक्षरं क्वचितच असायची; असली तरी हॉलमधल्या निम्म्या लोकांना ती कुठे वाचता येणार होती? म्हणून पडद्याच्या बाजूला एक टेबल, टेबलावर माइक आणि माइकसमोर बाबा. पडद्यावरचा माणूस रशियनमध्ये बोलायचा आणि त्याच्या पाठोपाठ बाबा मराठीत. एका स्वस्त पुस्तकावरून ते रशियन शिकले होते, असं सगळं गाव मानायचं. मी पहिल्या रांगेत बसायची आणि माझी मान अभिमानानं इतकी ताठ व्हायची की दुसऱ्या दिवशी दुखायची.

त्यातला एक सिनेमा गावानं तीनदा मागवून घेतला. बर्फाळ मैदानात एक रेल्वे फाटक, ते उघडझाप करणारी एक उतारवयाची बाई आणि अधूनमधून तिच्याकडे येणारा गणवेशातला एक माणूस. शेवटाकडे ती बाई त्याला समोर बसवून सहा-सात मिनिटं नुसती बोलत राहते. बाबांच्या मराठीत ती आपल्या मेलेल्या मुलाबद्दल बोलायची. काय बोलायची! बाया पदर तोंडात धरून रडायच्या. आमचे पीटीचे सर, पोरांना छडीनं फोडून काढणारा तो माणूस, उठून बाहेर जायचे. ते शब्द मी इथे लिहायला हवे होते. का लिहीत नाही, ते पुढे येईलच.

आता दुसरी गोष्ट सांगते, म्हणजे पुढे मी जे केलं त्यामागचा जळफळाट तुम्हाला कळेल. आठवीत मी बाबांच्याच वर्गात होते. निबंध होता प्रवासाचा, आणि मी समुद्र लिहिला. समुद्र मी पाहिलेला नव्हता. बाबांनी तो निबंध वर्गापुढे मोठ्यानं वाचला, मला उभं केलं आणि विचारलं, "कधी गेली होतीस गं समुद्रावर?" पोरं फिदीफिदी हसली. बाबांनी पानं फाडली, चार तुकडे केले आणि म्हणाले, "जे पाहिलं नाही, ऐकलं नाही, ते लिहायचं नाही. ही थापेबाजी आहे." घरी आल्यावर आई म्हणाली, विसरून जा. मी विसरले नाही. विज्ञानाकडे गेले, धान्यावर संशोधन केलं, कॅनडात आले, घर घेतलं, आणि पस्तीस वर्षांत पत्रापलीकडे मराठीची एक ओळ लिहिली नाही. सुंभ जळलं होतं, पीळ शाबूत होता.

आई गेल्यावर एका हिवाळ्यात बाबा आमच्याकडे राहायला आले. दोन हजार सतरा असेल. सोव्हिएत काळातले जुने सिनेमे तेव्हा स्वच्छ करून, इंग्रजी सबटायटल्स घालून नेटवर येऊ लागले होते. जानेवारीत एका दुपारी मला फाटकवाली बाई सापडली. मी ऑफिसातच, जेवणाचा डबा उघडा ठेवून, सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. त्या बाईला मूलबाळच नव्हतं. गणवेशातला माणूस कोळशाच्या रेशनचा तपासनीस होता. आणि ती सहा-सात मिनिटं ती त्याच्याशी कोळशावरून भांडत होती: कोटा कमी दिलात, चूल नीट पेटत नाही, गेल्या वर्षीचा कोळसा ओला होता. मी खूप हसले. आणि मग एकदम शांत वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होते ते हाताशी आलं होतं.

घरी जाऊन बाबांना एकट्यांना सांगता आलं असतं. तुम्ही तसंच केलं असतं, असं तुम्ही म्हणाल. कदाचित. मी मात्र पुढच्या रविवारी दुपारी पॉटलक ठेवलं, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ घेऊन यायचं जेवण. जवळच्या केंब्रिज आणि किचनर या गावांतली चार मराठी कुटुंबं बोलावली. शिवाय आमच्या शेजारची म्हातारी. ती जन्मानं रशियन. बाबा ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढताना तिला दोन रशियन शब्दांत रामराम घालायचे आणि ती गोड हसायची. तिला मी मुद्दाम, घरी जाऊन, आग्रहानं बोलावलं. बाबांना सांगितलं, "तुमचा सिनेमा मिळालाय. पुन्हा एकदा ऐकवा सगळ्यांना." त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. दोनदा विचारलं, "लोकांना आवडेल ना गं?"

बेसमेंटच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला, सबटायटल्स बंद ठेवली, कॅराओकेचा माइक बाबांच्या हातात दिला. ऐंशीच्या घरातला तो माणूस पहिल्या दोन वाक्यांत चाळिशीचा झाला. पाहुणे खुर्च्या पुढे ओढून ऐकू लागले. म्हातारी मात्र आधी गोंधळली, मग हसू दाबताना तिचे खांदे हलू लागले, आणि फाटकवाली बाई मुलाबद्दल बोलायला लागली तेव्हा तिला राहवलं नाही. ती डोळे पुसत इंग्रजीत म्हणाली, "कोल! शी इज आस्किंग फॉर कोल!" सगळ्यांना वाटलं, तिचीच काही चूक होतेय. मग मी उठले आणि सबटायटल्स सुरू केली.

भिंतीवर ओल्या कोळशाची तक्रार उमटली. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू वणव्यासारखं पसरलं. माझ्या लेकीनं विचारलं, "सो आजोबा जस्ट मेड इट अप?" मी म्हणाले, "हो. याला थापेबाजी म्हणतात." हे मी मराठीत म्हणाले, बाबांकडे बघत. त्यांना कळलं. म्हातारीलाही भाषा न कळता काहीतरी कळलं असावं, कारण ती हसायची थांबली आणि बाबांच्या हातावर हात ठेवून रशियनमध्ये काही पुटपुटली. बाबांना ते समजलं नाही. त्यांनी माइक बंद करून गुडघ्यावर ठेवला आणि उरलेला सिनेमा चष्मा नाकावर चढवून, सबटायटल्स वाचत, पूर्ण पाहिला. संपल्यावर एवढंच म्हणाले, "बाकीच्या रिळांबरोबर गोष्टीच्या गोषवाऱ्याचा इंग्रजी कागद यायचा, त्या सिनेमाबरोबर आला नव्हता. हॉल तर भरला होता."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, भांडी घासून होईपर्यंत. बाबा परतीच्या तिकिटापर्यंत, म्हणजे आणखी सहा आठवडे, आमच्याकडे राहिले आणि घरात कुणाशी वाकडं बोलले नाहीत. फक्त लेक गोष्ट सांगा म्हणाली की म्हणायचे, "यूट्यूबवर बघ बेटा, तिथं खरी असते." ती बापडी खरंच बघायची.

पुढच्या वर्षी त्यांची किडनी गेली. डायलिसिसनंतर व्हिडिओ कॉलवर ते उशीला टेकून बसायचे. त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की त्यांचं ते सहा-सात मिनिटांचं बोलणं मला आठवत नाहीये. एकही वाक्य नाही. आठवायला गेले की ती इंग्रजी अक्षरंच डोळ्यांपुढे यायची. गावातल्या एका मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, रडलो एवढंच आठवतं." मग एके दिवशी लाज गुंडाळून मी बाबांनाच म्हणाले, "बाबा, ती फाटकवाली बाई मुलाबद्दल काय म्हणायची हो? एकदा सांगा ना. मी लिहून घेते." वही खरंच मांडीवर होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वर्गात चुकलेल्या पोरीकडे मास्तर बघतात तसं. मग म्हणाले, "कोळसा मागायची ती," आणि नर्सला हात करून फोन बंद करायला सांगितला.

दिवाळीच्या आधी ते गेले. तो सिनेमा आता कुणालाही घरबसल्या बघता येतो. एक ओरखडा नाही, एक शब्द चुकीचा नाही. ज्या देशानं तो काढला तो देश गेला, सिनेमा राहिला. बाबांचा सिनेमा मात्र जगात कुठेच नाही, आणि तो कुणी बंद पाडला हे मला माहीत आहे.